आधी उघडून बघ

दुकानदाराने गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, दोन तारा छेडल्या आणि मान हलवली. "हिच्यात आता काही राहिलं नाही साहेब. हिच्यावर खर्च करण्यापेक्षा नवी घ्या." एवढं बोलून त्याने भिंतीवरची एक निळी, चकचकीत गिटार उतरवली आणि माझ्या मुलीच्या हातात दिली. किंमत बत्तीस हजार. हप्त्याची सोय आहे म्हणाला.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने ही इलेक्ट्रिक गिटार एका सिनिअरकडून साडेसहा हजारांना घेतली होती. दोन वर्षांची ईदी आणि थोडी माझी भर. चिनी बनावटीची, नाव फारसं कुणाला माहीत नसलेली. गिटार वाजत होती, पण सोबत सतत एक घूंऽऽ असा आवाज यायचा. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. मधला पिकअप मुकाच. तिसरी तार मोकळी छेडली की झणझणायची. आणि मानेवर वरच्या बाजूला गेलं की सूर बेसूर व्हायचे. एवढे दोष एकत्र ऐकल्यावर दुकानदाराचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. मला मात्र राग आला. त्याने नवी घ्या म्हटलं याचा नाही, त्याने ती उघडूनसुद्धा पाहिली नाही याचा.

स्कूटरवरून घरी येताना मुलगी गप्प होती. मी म्हणालो, "पैले खोल के देखेंगे." बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, हे वाक्य माझं नाही. माझ्या वडिलांचं आहे.

इचलकरंजीत अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. मशिदीच्या भोंग्याचा सेट, उरुसातल्या कव्वालीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि गणपती मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर, तिन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी पालथे पडलेले असायचे. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "काय झालंय? किती लागतील?" अब्बांचं उत्तर ठरलेलं. आधी उघडून बघू दे. उघडल्याशिवाय त्यांनी कधी दोष सांगितला नाही आणि पैसेही सांगितले नाहीत. मला मात्र त्यांनी सोल्डरिंग आयर्नला हात लावू दिला नाही. "तुझ्या हातात पेन शोभतो," म्हणायचे. मी पेन धरला. आज एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. आणि एक गोष्ट आता लिहूनच टाकतो. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी दरवर्षी "व्यापार" असं लिहीत असे.

अब्बा गेले, दुकान त्याआधीच गेलं होतं. त्यांची हत्यारांची पेटी अम्मीने दिवाणाखाली जपून ठेवली होती. त्या रात्री ती बाहेर काढली. पंचवीस वॅटचं आयर्न, राळेचा खडा, सोल्डरचं अर्धं रीळ, काटा अडकणारा मल्टिमीटर आणि स्क्रू ठेवायची जर्मनची वाटी. मी मुलीला म्हटलं, स्क्रू इकडेतिकडे ठेवायचे नाहीत, वाटीतच ठेवायचे. एवढं एकच मला त्या धंद्यातलं येत होतं.

तारा सैल करून काढल्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचे अकरा स्क्रू काढले आणि पट्टी उलटी केली. मला वाटलं होतं आत काहीतरी गहन असेल. तिथे होतं काय? तीन पिकअप, तीन गोल कंट्रोल, एक पाच जागांचा स्विच, एक बोटाच्या नखाएवढा कपॅसिटर आणि दहा-बारा वायरी. रेडिओत याच्या दसपट माल असतो. मुलीने मोबाईलवर नकाशा काढला, मी बोटाने एकेक वायर चाचपत गेलो आणि अर्ध्या तासात आम्हाला दोघांनाही कळलं, आवाज कुठून निघतो आणि कुठून बाहेर जातो.

पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली बारीक तांब्याच्या तारेची गुंडी. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, गुंडीत नखभर वीज तयार होते, आणि ती वीज केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. बस, इतकंच. या गिटारचा साचा ज्याने बनवला तो लिओ फेंडर हासुद्धा मुळात रेडिओ दुरुस्त करणाराच होता, हे मला तेव्हा वाचनात आलं. शिक्षण हिशेबनिसाचं. मंदीच्या काळात नोकरी गेली आणि १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. लाउडस्पीकरचे सेट भाड्याने द्यायचा, बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर उघडायचा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. पण वाजवणारे दुकानात काय तक्रार घेऊन येतात हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने मान धडाला डिंकाने न चिकटवता स्क्रूने बसवली. खराब झाली तर चार स्क्रू काढा आणि दुसरी लावा. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकॅस्टरची आतली मांडणी आजही जवळपास तशीच आहे. माझ्या मुलीच्या हातातली चिनी गिटार तिचीच नक्कल. मोबाईल उघडायला गेलं की आज डिंक आणि अजब आकाराचे स्क्रू आडवे येतात. ही वस्तू मात्र उघडण्यासाठीच बनवलेली आहे. तरीही दुकानदार ती उघडत नाही, आणि आपणही उघडत नाही.

पहिला दिवस फजितीचा होता. कंट्रोलच्या पाठीवर जमिनीची म्हणजे ग्राउंडची वायर जोडायची होती. आयर्न टेकवून ठेवलं, सोल्डर काही धरेना, मी दाबून बसलो आणि आतली पट्टी भाजून कंट्रोल कायमचा गेला. अब्बांचा एक जुना मदतनीस आता किराणा दुकान चालवतो. त्याला विचारलं तर तो हसला. कंट्रोलची पाठ आधी ब्लेडने खरवडायची, राळ लावायची, आयर्न चांगलं तापू द्यायचं आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवायचं. सोल्डर आयर्नवर नाही, तापलेल्या जागेवर वितळलं पाहिजे. थंड डाग मातट दिसतो, बरा डाग चमकतो. आणि शिसं असतं, हात धुतल्याशिवाय खायचं नाही. पाच मिनिटांत त्याने सांगितलं ते मला वडिलांकडून तीस वर्षांपूर्वी फुकट मिळालं असतं.

आता त्या घूंऽऽ आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात जिवाशी गाठ आहे.

एका गुंडीचा पिकअप तारेचा आवाज जसा पकडतो तसाच घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुणही पकडतो. आमच्या वस्तीत तर चारी बाजूंना यंत्रमाग. मोटारी, ट्यूबलाइटचे चोक, सगळ्यांची हजेरी त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लागायची. यावर लोक सांगतात की आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावा आणि ती ग्राउंडला जोडा. आम्ही लावली. खरखर आणि भिरभिर बरीच कमी झाली. पण मूळ गुणगुण पूर्ण गेली नाही, आणि जाणारही नव्हती. विजेच्या क्षेत्राला तांब्याचा पत्रा अडवतो, पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राला तेवढी पातळ पट्टी अडवू शकत नाही. त्यासाठी दोन उलट्या गुंड्यांचा हंबकर पिकअप लागतो, एकीत आलेली गुणगुण दुसरीने खोडून काढायची अशी ती युक्ती. हे कुणी आधी सांगितलं असतं तर आम्ही दुसरा थर लावण्यात एक रविवार घालवला नसता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मुलगी म्हणाली, तारांना हात लावला की आवाज कमी होतो, आणि कधी कधी बोटाला मुंग्या येतात. पहिली गोष्ट बरोबर आहे. घोडीखालून एक वायर ग्राउंडला जाते, त्यामुळे तारा आणि वाजवणारा दोघेही अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेले असतात. दुसरी गोष्ट ऐकून माझ्या पोटात गोळा आला. वाजवणारा अर्थिंगला जोडलेला असणं हे त्याच्या भल्याचं, पण अर्थिंग जागेवर असेल तर. नसेल, आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कुठे वीज गळत असेल, तर त्याच तारा पोरीच्या हातात जिवंत होतील. वायरमनला बोलावलं. त्याने फेज आणि अर्थिंगच्या मध्ये बल्ब लावून पाहिला, बल्ब पेटलाच नाही. बोर्डावर तीन भोकं होती, तिसऱ्याच्या मागे वायरच नव्हती. आणि जिथे वायर होती तिथे अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक. अब्बा उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे ते मला आठवलं. मीठ-कोळशाचा खड्डा ओला राहिला तरच काम करतो. ते गेल्यापासून तिथे कुणी पाणी ओतलं नव्हतं, वर फरशी घातली होती.

स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे मंचावरच गेला. हातात गिटार आणि हात लागला तो नीट अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला. विलायतेतल्या मंचावर हे झालं. आपल्याकडे उरुसात, गणपतीत, लग्नात खांबावरून आकडा टाकून चालणारे सेट मी लहानपणापासून पाहतोय. म्हणून गिटार घरी सुधारायला घेणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच. पिकअप नंतर बदला, आधी भिंतीतलं तिसरं भोक तपासून घ्या, आणि तेही वायरमनकडून. तीस मिलिअँपिअरवर तुटणारा ब्रेकर बसवला तर आणखी उत्तम. हे अपग्रेड कुठल्याही गिटारच्या दुकानात विकायला नसतं.

मुका पिकअप राहिला होता. मल्टिमीटर लावला. बाजूचे दोन्ही पिकअप सहा हजार ओहमच्या आसपास दाखवत होते, मधल्याचा काटा हलेना. म्हणजे गुंडीची तार कुठेतरी तुटलेली. इंटरनेटवर सगळ्यांचा एकच सल्ला, नवीन घ्या. मी तो पिकअप खिशात घालून मोटर वाइंडिंगच्या गल्लीत गेलो. आमच्या गावात यंत्रमागांमुळे वाइंडिंगवाल्यांना तोटा नाही, आणि त्यात निम्मे आपलेच. त्यातल्या एकाने चष्मा वर करून तार पाहिली. "भाई, ये तार है के बाल?" ती बेचाळीस गेजची तार, जाडी मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी, आणि असे जवळपास आठ हजार वेढे. तो पंख्याच्या गुंड्या भरणारा माणूस. नव्याने गुंडाळणं जमणार नाही हे त्याने सरळ सांगितलं. पण नाही म्हणून पिकअप परत दिला नाही. भोवतीची टेप सोडवली, भिंगातून बघत राहिला, आणि म्हणाला, गुंडी चांगली आहे, शेवट तुटलाय. बाहेरचा शेवट जिथे वायरीला जोडतात तिथेच ती तार बहुतेक वेळा तुटते. त्याने अर्धा वेढा सोडवला, तारेवरचं इनॅमल हलक्या हाताने खरवडलं, तिथे आयर्नचं टोक टेकवलं न टेकवलं. मीटरचा काटा उठला. पन्नास रुपये घेतले. टेबलावरचा लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटला होता तो साफ करायला मला रात्री तासभर लागला, ती चूक माझी. पिकअप कागदात गुंडाळून न्यायला हवा होता.

या माणसाने आयुष्यात इलेक्ट्रिक गिटार जवळून पाहिली नव्हती. दुकानदाराकडे भिंतभर होत्या.

तिसऱ्या तारेच्या झणझणीसाठी आम्ही मिरजेला गेलो. मिरज आम्हाला तासाभराच्या अंतरावर. तिथल्या सतारमेकरांचा इतिहास आपल्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. हे लोक मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानांच्या फौजा संपल्या, शस्त्रांचं काम आटलं, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी त्याच हातांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येऊ लागले आणि देशभरातले गवई तंबोऱ्यासाठी मिरजेला येऊ लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

त्या गल्लीत गिटार घेऊन जाताना मुलगी संकोचत होती. एका वयस्कर कारागिरांनी गिटार आडवी घेतली, तिसरी तार छेडली आणि झणझण ऐकून हसले. "अगं बेटा, हा आवाज काढून घ्यायला लोक आम्हाला पैसे देतात, आणि तू घालवायला आलीस?" ते जवारीबद्दल बोलत होते. सतारीची घोडी रुंद आणि सपाट असते. तिच्या माथ्याला कानशीने इतकी बारीक उतरण देतात की थरथरणारी तार तिला हलकेच घासत राहते, आणि त्या घासण्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद येतो. जवारी काढणं हे या धंद्यातलं सर्वांत नाजूक काम. गिटारमध्ये नेमकं उलटं हवं असतं. मानेच्या टोकाला जी खाचा पाडलेली पांढरी पट्टी असते, नट म्हणतात तिला, त्या खाचेत तार एकाच कडेवर टेकली पाहिजे, पडद्यांकडच्या कडेवर. खाच सपाट राहिली तर तार आत घासते आणि गिटार सतारीसारखी झणझणते. कारखान्यात घाईने पाडलेल्या त्या खाचेत नकळत जवारी निघाली होती! अमेरिकेत १९६७ मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनीने मुद्दाम अशी घोडी बसवून कोरल इलेक्ट्रिक सितार नावाची गिटार विकली, म्हणजे हा दोष विकतही गेला आहे.

त्यांनी एक सुरीएवढी पातळ कानस घेतली, खाच खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती केली. चार-पाच हात मारले असतील. तार वाजवली, स्वच्छ. मग मुलीच्या हातात कानस देऊन म्हणाले, आता दुसरी तार तू कर, थोडं थोडं घास, घासलेलं परत येत नाही. दीडशे रुपये घेतले, आणि चहा पाजला.

बाकीचं काम घरीच झालं. घोडीवरचे छोटे तुकडे मागेपुढे करून बाराव्या पडद्याचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येईल असं लावणं, याला एक स्क्रू ड्रायव्हर आणि मोबाईलवरचा फुकट ट्यूनर पुरतो. सूर चढा आला तर तुकडा मागे, उतरा आला तर पुढे. मानेत एक लोखंडी सळई असते, ती अ‍ॅलन कीने पाव फेरा फिरवायची, थांबायचं, बघायचं. जोर लावायचा नाही. बाराव्या पडद्यावर तार सुमारे दीड मिलिमीटर उंचीवर आली तेव्हा मुलगी म्हणाली, अब्बा, ही दुसरीच गिटार आहे.

खर्च सांगतो. तांब्याची पट्टी साडेतीनशे, दोन कंट्रोल दोनशे चाळीस (एक मी जाळलेला), जॅक नव्वद, तारांचा संच सातशे, वाइंडिंग पन्नास, मिरज दीडशे. एकूण पंधराशे ऐंशी. वायरमनचे सहाशे वेगळे, पण ते गिटारच्या खात्यात मांडायचे नाहीत.

आता माझं मत. "अपग्रेड" या शब्दाचा अर्थ बाजाराने आपल्याला एकच शिकवला आहे, जुना भाग काढा, महाग भाग घाला. गिटारच्या बाबतीत तर याचं वेडच आहे. पन्नास वर्षं जुना कागद-तेलाचा कपॅसिटर हजारो रुपयांना विकला जातो आणि त्याने आवाजात "ऊब" येते म्हणतात. टोनच्या कंट्रोलला लागणारा कपॅसिटर ०.०२२ चा घालता की ०.०४७ चा, याने फरक पडतो, तो मीही ऐकला. पण त्याच मापाचा दहा रुपयांचा आणि हजाराचा, यात मला आणि मुलीला डोळे मिटून काही वेगळं ऐकू आलं नाही. खुंट्या घसरत असतील तर बदला, तो पैसा वाया जात नाही. पिकअप बदलणं सर्वांत शेवटी, बाकी सगळं जागेवर आल्यावरही आवाज आवडला नाही तर. आणि पडदे सपाट घासणं किंवा नवे बसवणं घरी करू नका. ते काम अनुभवी हातांचं आहे, तिथे खुशाल पैसे मोजा. माझी तक्रार खर्च करण्याबद्दल नाही. न उघडता खर्च करण्याबद्दल आहे.

ज्यांच्या गिटार आज काचेच्या पेटीत मिरवतात त्यांनी काय केलं होतं? एडी व्हॅन हेलनने स्वस्तात मिळालेलं धड आणि मान जोडली, दुसऱ्याच गिटारचा हंबकर त्यात खुपसला, तो शिट्टी मारू नये म्हणून पॅराफिन मेणात बुडवला आणि वरून सायकलचा रंग मारला. ब्रायन मेने १९६३ मध्ये, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने गिटार बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, पडद्यांवरच्या खुणा शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्यांच्या बटणांच्या. पुढे क्वीनमध्ये त्याच गिटारने तो जगभर वाजला. (त्याच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे आमच्या भागातले लोक अभिमानाने सांगतात.) या गोष्टीतला मला भिडणारा भाग वेगळाच. ज्या बापाने मुलाबरोबर खपून गिटार घडवली, तोच बाप मुलाने पीएच.डी. अर्धवट टाकून बँड धरला तेव्हा नाराज झाला. हात शिकवणारा आणि हाताच्या कामाला घाबरणारा, एकच माणूस.

म्हणून अब्बांना मी दोष देऊ शकत नाही. दुकानात स्वस्त सेट येऊ लागले, दुरुस्तीपेक्षा नवीन परवडायला लागलं, आणि कौशल्याने पोट भरत नाही हे त्यांनी रोज पाहिलं. मुलाला त्या धुरातून बाहेर काढणं हे शहाणपणच होतं. पण त्यासोबत मी जी लाज घेऊन बाहेर पडलो ती त्यांनी दिलेली नव्हती. ती शाळेत मिळाली, शेजारात मिळाली आणि आता सोशल मीडियावर रोज मिळते. आपल्या लोकांना हिणवायला "पंक्चरवाले" हा शब्द किती सहज वापरला जातो! माझ्या मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला होता. त्यावर आपली नेहमीची प्रतिक्रिया काय? आमच्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, अधिकारी आहेत, अशी यादी काढायची. यादी खरी आहे. पण ती काढताना आपणही नकळत कबूल करतो की पंक्चर काढणं ही शरमेची गोष्ट आहे. मीही ती यादी काढली आहे, "व्यापार" लिहिणारा हात तोच.

पोरांनी हेच धंदे करावेत असं मी म्हणत नाहीये, उगाच तसा अर्थ काढू नका. माझ्या मुलीने अभियंता व्हावं हीच माझी इच्छा आहे. पण वाइंडिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाला जे कळलं ते तिच्या प्रयोगशाळेत तिला अजून कुणी दाखवलेलं नाही. गुंडीत प्रेरित होणारी वीज तिने परीक्षेत लिहिली होती. ती गुंडी कुठे तुटते, हे तिला त्या गल्लीत कळलं. आपल्या मोहल्ल्यात सुट्टीच्या दिवसांत संगणकाचे वर्ग भरतात, स्पर्धा परीक्षांची व्याख्यानं होतात, चांगलं आहे. एखाद्या रविवारी त्याच हॉलमध्ये एक टेबल, चार आयर्न आणि एक जुना कारीगर बसवायला काय हरकत आहे? बिघडलेला मिक्सर आणा, हेडफोन आणा, गिटार आणा. मानधन द्या त्यांना, नुसती शाल नको.

(मुस्लिम घरात मुलीच्या हाती गिटार कशाला, असं विचारणारे संदेश येतील. त्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन. आजचा विषय स्क्रू ड्रायव्हर आहे.)

मधल्या काळात मुलीच्या दोन मित्रांच्या गिटार आमच्या घरी येऊन गेल्या. एकीचा नुसता जॅक सैल होता, आतली पत्ती थोडी वाकवली, काम झालं. दुसरीचं लाकूडच मानेजवळ चिरलं होतं. तिने ती उघडून, नीट बघून परत दिली आणि सांगितलं, ही मिरजेला दाखव, मला जमणार नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून मी तिला रागावलो, बघण्याचेही पैसे असतात.

पाऊस सुरू झाल्यापासून तिच्या गिटारची मान पुन्हा थोडी वाकली आहे, दमटपणाने वाकतेच. काल रात्री तिने अ‍ॅलन की लावली, पाव फेरा फिरवला आणि गिटार भिंतीला टेकवून झोपायला गेली. सकाळपर्यंत लाकूड बसू द्यायचं, मग पुन्हा बघायचं. वाटी आणि आयर्न टेबलावरच आहे. अंगणातल्या फरशीचा एक तुकडा आम्ही काढून ठेवला आहे. उन्हाळ्यात तिथे पाणी ओतायला लागेल.